रेंज फुल, नेट गुल

प्रश्न: मोबाइलला रेंज फुल दाखवते तरी नेट काही केल्या चालत नाही, असं का होतं? आणि स्कूटरची पण रेंज, मल्टिमीटरची पण रेंज, मग या शब्दाचा नक्की अर्थ काय धरायचा?

उत्तर: रेंज म्हणजे पल्ला, लांब पल्ल्याची गाडी म्हणतो ना तोच. त्यामुळे ‘फोनला रेंज नाही’ हे तसं चुकीचंच, पण मी पण तेच म्हणतो, जाऊ द्या. पल्ला असतो टॉवरचा, जुन्या टूजीत तर तो साधारण ३५ किलोमीटरवर संपायचा, पॉवर कितीही वाढवा, कारण सिग्नलला पोचायला लागणारा वेळ सांभाळून घ्यायची सोयच तेवढ्यापुरती होती.

फोनवरच्या काड्या दाखवतात ती सिग्नलची ताकद. सेटिंगमध्ये सिम स्टेटसला गेलात तर बहुतेक फोनवर उणे ८० नाहीतर उणे ११० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असा आकडा दिसतो. उणे बघून दचकू नका, शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. फक्त हे माप जरा फसवं आहे, दर १० ला ताकद दहापटीने घटते, म्हणजे उणे ८० वरून उणे ११० वर आलात की ताकद डायरेक्ट हजारपट कमी! आणि किती डीबीएमला किती काड्या हे फोन बनवणारे आपापलं ठरवतात, त्यामुळे माझ्या फोनला चार अन् तुझ्याला दोनच, या भांडणात काही दम नाही.

आता तुमचं दुखणं. टॉवरचा आवाज फोनला किती मोठा ऐकू येतोय एवढंच काड्या सांगतात, त्या टॉवरवर किती जण लटकलेत ते नाही सांगत. गर्दी झाली की काड्या फुल अन् व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. एअरप्लेन मोड चालू-बंद करून बघा, कधीकधी फोन दुसरा बँड (म्हणजे दुसरा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) पकडतो आणि काम होऊन जातं.

स्कूटरची रेंज मात्र अस्सल पल्ला, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर (कंपनी सांगते ते टेस्टमधले, चढावर आणि सुसाट पळवली की कमीच भरणार). मल्टिमीटरची (व्होल्ट वगैरे मोजायचं यंत्र) रेंज म्हणजे जास्तीत जास्त किती मोजता येईल ती हद्द, त्यामुळे २ व्होल्टची रेंज लावून ९ व्होल्टची बॅटरी मोजलीत तर स्क्रीनवर डावीकडे नुसता १ किंवा ओएल (ओव्हरलोड, म्हणजे हद्दीबाहेर) येतं, तेव्हा मीटर बिघडला म्हणून फेकू नका, नॉब २० वर फिरवा.