ताप, जुलाब, खोकला : घरी कधी थांबायचं, दवाखाना कधी गाठायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पाच वर्षांखालच्या मुलांच्या दुखण्याबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. तापाच्या औषधाचं प्रमाण वजनावर दिलं आहे. म्हणून मुलाचं अलीकडचं वजन लसीकरणाच्या कार्डावर पाहून ठेवा, म्हणजे हिशेब लगेच लागेल.

मुलगा दोन वर्षांचा, वजन ११ किलो. ताप १०३ पर्यंत जातो. घरात असलेल्या बाटलीतलं पॅरासिटामॉल ५ मिली दिलं, पण ताप पूर्ण उतरत नाही. दोन-दोन तासांनी दिलं तर चालेल का? सोबत बर्फाच्या पट्ट्या ठेवाव्या का? – लातूर

दोन तासांनी अजिबात देऊ नका. आधी बाटलीवरचं लेबल वाचा, कारण ‘५ मिली’ म्हणजे नेमकं किती औषध हे बाटलीगणिक बदलतं. आपल्याकडे दुकानात पॅरासिटामॉल मुख्यतः तीन प्रकारांत मिळतं. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि जास्त तीव्रतेच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. म्हणजे तोच चमचा एका बाटलीतून दिला तर डोस कमी पडतो आणि दुसरीतून दिला तर जास्त होतो. सगळ्यात वाईट चूक थेंबांच्या बाबतीत होते. थेंबांचं औषध सिरप समजून चमचाभर पाजलं, की बाळाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातं.

डोस आहे किलोमागे १५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलासाठी ११ × १५ = १६५ मिलिग्रॅम. १२५ च्या सिरपमधून साडेसहा मिली, २५० च्या सिरपमधून सव्वातीन मिली, थेंबांमधून १.६ मिली. दोन डोसांत निदान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्या आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते. सर्दीच्या कित्येक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतंच. ताप आणि सर्दी यांच्या दोन वेगळ्या बाटल्या चालू असतील, तर डोस नकळत दुप्पट होतो. मोजायला बाटलीसोबतचं टोपण किंवा सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज वापरा. स्वयंपाकघरातले चमचे लहान-मोठे असतात.

ताप साफ उतरायलाच हवा, ही अपेक्षाही सोडा. तासाभरात तो एक-दोन अंशांनी खाली आला, मूल उठून बसलं, पाणी प्यायलं, तर औषधाने काम केलं. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवायची गरज नाही. बर्फाचं पाणी नको. त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने आतली उष्णता वाढते. पट्ट्या ठेवायच्याच तर कोमट पाण्याच्या ठेवा. दुलईत गुंडाळू नका, एक पातळ सुती झबलं पुरे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. डेंग्यूच्या दिवसांत आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड घरच्या घरी देऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दवाखान्यात कधी? बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, तर घरी औषध देऊन वाट पाहू नका, रात्र असली तरी निघा. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२ च्या वर ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. त्याहून मोठ्या मुलाचा ताप तीन दिवसांपुढे गेला, तर. आणि वय काहीही असो, ताप उतरलेल्या तासातही मूल मलूलच राहत असेल, मान ताठ वाटत असेल, किंवा अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबून धरला तरी फिके होत नसतील, तर लगेच. नुसता १०३ चा आकडा आम्हाला तेवढा घाबरवत नाही, जेवढं १०० तापातलं निपचित मूल घाबरवतं.

मुलीला तापात झटका आला. सासूबाईंनी कांदा हुंगवला, शेजाऱ्यांनी दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. ताप डोक्यात गेला का? पुन्हा आलं तर काय करायचं? – सोलापूर

सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना ताप चढताना अशी आकडी येते. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि साध्या, थोडा वेळ टिकणाऱ्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवल्यावर ती थांबल्यासारखी वाटते, कारण तेवढ्यात ती थांबणारच असते.

पुन्हा आली तर मुलीला जमिनीवर एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याजवळची बटणं सोडा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. चमच्याने दात तुटतात आणि तुटलेला दात श्वासात अडकू शकतो. आणि घड्याळ पाहा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं, म्हणून अंदाज नको. शक्य असेल तर कोणीतरी मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पाच मिनिटं उलटली, दिवसात दुसऱ्यांदा आली, शरीराच्या एकाच बाजूला आली, किंवा थांबल्यावर तासाभराने मूल नीट शुद्धीवर नाही, तर १०८ ला फोन करा. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यानंतरही त्याच दिवशी दाखवून घ्या, कारण मेंदूज्वर नाही ना हे पाहावं लागतं. साधारण तीन मुलांतल्या एकाला पुन्हा आकडी येते. अशा घरांत आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलम या औषधाचा नाकात मारायचा फवारा ठेवायला डॉक्टर सांगतात. त्याचा डोस चिठ्ठीवर लिहून घ्या आणि फवारा कसा मारायचा ते समोर करून दाखवायला सांगा.

चौदा महिन्यांच्या बाळाला कालपासून सहा-सात पातळ जुलाब. ओआरएस दिलं की उलटी करतो. आई म्हणते दूध बंद कर. दुकानातून फळांच्या चवीचं पाकीट आणलं, ते आवडीने पितो. – नाशिक

ते पाकीट बाजूला ठेवा. अशा पेयांत साखर फार आणि मीठ थोडं असतं. आतड्यात साखर जास्त झाली की ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, ती याच गोंधळापायी. खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो आणि ती औषधाच्या दुकानात मिळते. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ती फुकट मिळते.

पुडी कालवतानाच बहुतेकांचं चुकतं. मोठी पुडी (सुमारे २१ ग्रॅम) एक लिटर पाण्याची असते, छोटी (चार ग्रॅमच्या आसपास) २०० मिलीची. पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि मोजून घ्या. पाण्याची लिटरची रिकामी बाटली मापाला उत्तम. अख्खी पुडी एकदम घाला. पेल्यात चिमूटभर टाकून कधी दाट, कधी पातळ केलं, की सूत्रच बिघडतं. दाट झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं, पातळ झालं तर नुसतं पाणीच पाजल्यासारखं. वरून साखर, दूध, सरबत घालू नका, पुन्हा उकळू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र असले, तर आतडं दोन्ही शोषून घेतं आणि मागोमाग पाणीही आत जातं. ही यंत्रणा जुलाबातही शाबूत असते. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, गेलेलं पाणी भरून येतं. ‘देऊनही जुलाब चालूच आहेत’ म्हणून ते बंद करणारे पालक नेमक्या वेळी हात काढून घेतात.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा. मग दर एक-दोन मिनिटांनी एकेक छोटा चमचा द्या. तहानलेलं मूल पेला ओढून घटाघटा पितं, पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. चमच्याने द्यायला वेळ लागतो, पण ते टिकतं. तुमच्या बाळाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली मिळायला हवं. पुडी नसेल आणि रात्र असेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, बरोबर मोजून.

आईचं दूध बंद करू नका. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, दहीभात, केळं, जे खाईल ते थोडं थोडं द्या. उपाशी आतडं उशिरा भरून येतं. सोबत झिंक. सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस पुरे करा, पुढच्या काही महिन्यांत जुलाब पुन्हा होण्याचं प्रमाण त्याने घटतं. जुलाब दाबून धरणारी मोठ्यांची गोळी लहान मुलांना देऊ नका.

आता बाळाकडे पाहा. डोळे खोल गेलेत का? रडताना पाणी येतं का? सहा-आठ तासांत शू झाली का? बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती झटकन सपाट व्हायला हवी. हळूहळू बसत असेल, बाळ सुस्त असेल, पिणंच सोडलं असेल, शौचात रक्त असेल किंवा उलटी हिरवी असेल, तर घरचे प्रयोग थांबवा आणि निघा. वाटेतही चमचा चालू ठेवा.

खोकल्याच्या औषधाच्या बातम्या वाचल्यापासून भीती वाटते. तीन वर्षांच्या मुलाला छातीत घुरघुर आहे. काय द्यावं? न्यूमोनिया कसा ओळखावा? – नागपूर

छिंदवाड्यातली २०२५ ची घटना तुमच्या शहराच्या जवळचीच. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं, मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांना उपचारासाठी नागपुरात आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. औषध शुद्ध असलं तरी या वयात त्याचा उपयोग फारसा नसतो. विषाणूचा खोकला दोन, कधी तीन आठवडे रेंगाळतो. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, कोमट पाणी वरचेवर द्या, झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध द्या. एक वर्षाखाली मध चाटवूही नका, त्यातल्या जिवाणूने तान्ह्या बाळाला लकवा होऊ शकतो.

घुरघुर बहुधा घशातल्या शेंबडाची असते. न्यूमोनियाचा सुगावा श्वास मोजून लागतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, पोट-छाती वर येताना एक धरा आणि पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास मध्येच थबकतो. ताप चढलेला असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण ‘पोट उडतंय’ म्हणतो, किंवा शांत असतानाही घशातून कर्कश आवाज येत असेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका.

डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी ताप गेला, पण प्लेटलेट ७० हजार. आता धोका टळला ना? – पुणे

नाही. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासच जपायचे असतात. या काळात रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. म्हणून डॉक्टर प्लेटलेटइतकंच, किंबहुना जास्त, हिमॅटोक्रिटकडे (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाकडे) पाहतात. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा कमी म्हणून प्लेटलेट चढवत नाहीत. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, गार पडलेले हातपाय, कमी झालेली लघवी, चिडचिड किंवा गुंगी, यांतलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय. पपईच्या पानांच्या रसामागे वेळ घालवू नका. त्याने उलट्या झाल्या तर त्या आजाराच्या की रसाच्या, हेच कळत नाही.

बाळ वीस दिवसांचं, डोळे अजून पिवळे. रोज कोवळं ऊन देतो, गुटी आणि धुरीही चालू आहे. – कोल्हापूर

पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ चौदा दिवसांपुढे राहिली तर तपासणी हवीच, उन्हावर विसंबू नका. आजच बाळाच्या शौचाचा रंग पाहा. पिवळा असेल तर ठीक. पांढुरका किंवा मातकट असेल आणि लघवीने लंगोट पिवळा होत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका येते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली तर यश जास्त येतं, म्हणून पुढचा सोमवार पाहू नका. रक्तातलं एकूण आणि ‘डायरेक्ट’ असं दोन्ही बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) तपासायला सांगा. तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर आत्ताच्या आत्ता न्या.

गुटी थांबवा. सहाणेवरचे जंतू तिच्यासोबत पोटात जातात आणि जायफळाने बाळ गुंगतं, मग ते दुधाला उठत नाही. धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना झेपत नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीसुद्धा नको.