आधी तारीख लाव

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. पुतीनच्या रशियावरची पाच पुस्तकं वाचलीस आणि हाती पाच वेगवेगळे रशिया आले, असं लिहिलं आहेस. टिमथी स्नायडर इव्हान इल्यिन नावाच्या फॅसिस्ट विचारवंताला मधोमध बसवतात. मार्लेन लारुएल म्हणतात, फॅसिझम हे नाव इथे बसतच नाही आणि इल्यिनला एवढं मोठं करू नका. कॅरन डविशांच्या मते ही मंडळी पहिल्यापासून लुटीच्या तयारीनेच आली. मिखाईल झिगार सांगतो की कुणाकडे काही योजनाच नव्हती, एकेक प्रसंग येत गेला आणि माणसं बदलत गेली. माशा गेसन यांच्या मते जुनी सोव्हिएत घडण कधी मोडलीच नव्हती. आणि शेवटी तू विचारतेस, "यातलं बरोबर कोणतं, सर?"

त्या प्रश्नाला उत्तर नाही. पुस्तकं निवडायची नसतात, ती एकमेकांशेजारी लावायची असतात आणि लावायची ती तारखेने. तुझ्या चार पानी पत्रात 'थिअरेटिकल फ्रेमवर्क' हा शब्द परत परत येतो, तारीख मात्र एकही येत नाही. २००० नाही, २००४ नाही, २०१२ नाही. हे वाचून मला त्रास झाला, कारण बी.ए.च्या वर्गात माझ्याकडून तू दुसरं काही नेलं नसशील तरी एवढं नेलं असशील असं मी धरून चाललो होतो.

आता बस आणि एक लांबट वही घे. डाव्या बाजूला सत्तेने काय केलं ते लिही, उजव्या बाजूला त्याबद्दल काय बोललं गेलं ते, आणि दोन्हीकडे तारीख. सुरुवात मी करून देतो.

मे २०००: देशाचे सात संघीय विभाग करून प्रत्येकावर राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी बसवला. एप्रिल २००१: एनटीव्ही ही खासगी वाहिनी गाझप्रोम या सरकारी वायू कंपनीच्या ताब्यात गेली. २५ ऑक्टोबर २००३: युकोस या खासगी तेल कंपनीचा प्रमुख खोदोरकोव्स्की याला नोव्होसिबिर्स्कच्या विमानतळावर अटक. डिसेंबर २००४: युकोसची मुख्य तेल उत्पादक कंपनी लिलावात बैकालफिनान्सग्रूप नावाच्या, तोवर कुणी ऐकलंही नव्हतं अशा कंपनीने घेतली आणि काही दिवसांत ती कंपनीच रोसनेफ्ट या सरकारी तेल कंपनीने विकत घेतली. त्याच महिन्यात प्रांतांच्या गव्हर्नरांच्या थेट निवडणुका बंद करणारा कायदा झाला. कारण दिलं गेलं सप्टेंबरमधल्या बेस्लानच्या शाळेवरच्या हल्ल्याचं. शाळेवरच्या दहशतवादी हल्ल्याचा आणि गव्हर्नर कसा निवडावा याचा संबंध काय, हे मी तेव्हाही वर्गात विचारलं होतं.

आता उजवी बाजू. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातले सुरकोव यांनी 'सार्वभौम लोकशाही', म्हणजे आमची लोकशाही कशी असावी ते बाहेरच्यांनी सांगू नये, ही कल्पना मांडली ती २००६ मध्ये. वाहिनी गेली, तेल गेलं, गव्हर्नर गेले, आणि मग लग्न लागून गेल्यावर मुहूर्त काढावा तसं तत्त्वज्ञान आलं. हे तुला एकाही पुस्तकाच्या प्रस्तावनेत सापडणार नाही. दोन रकाने शेजारी ठेवले की आपोआप दिसतं.

इल्यिनचंही तेच. त्याच्या अस्थी स्वित्झर्लंडहून आणून मॉस्कोच्या दोन्स्कोय मठात पुरल्या त्या ऑक्टोबर २००५ मध्ये. मग जानेवारी २०१४ मध्ये बातमी आली की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने गव्हर्नरांना आणि सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्यांना नववर्षाची भेट म्हणून तीन तत्त्वज्ञांची पुस्तकं पाठवली: इल्यिन, बेर्द्यायेव आणि सोलोव्योव. स्नायडर यांच्या पुस्तकामुळे तू यातल्या पहिल्याच नावाशी अडकलीस. जरा तिन्ही नावं एकत्र बघ. सोलोव्योव १९०० सालीच वारला होता. इल्यिन आणि बेर्द्यायेव या दोघांना लेनिनच्या सरकारने १९२२ मध्ये जहाजात बसवून देशाबाहेर काढलं. पुढे १९२५ मध्ये इल्यिनने दुष्टांचा प्रतिकार बळाने करण्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा पॅरिसमधून त्याच्यावर सगळ्यात जळजळीत टीका कुणी केली असेल तर ती याच बेर्द्यायेवने. आणि भेटीत बेर्द्यायेवचं जे पुस्तक दिलं गेलं, ते विषमतेच्या तत्त्वज्ञानावरचं पुस्तक पुढे खुद्द त्यालाच नकोसं झालं होतं. ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही ते एकाच गठ्ठ्यात बांधून एका विशाल देशाच्या गव्हर्नरांच्या टेबलावर ठेवले. यातून कुठली एकसंध विचारसरणी निघते? त्यातून कळतं एवढंच की २०१३ संपताना सत्तेला विचारसरणी हवी होती. का हवी होती? पुन्हा डावा रकाना. डिसेंबर २०११ पासून मॉस्कोच्या रस्त्यांवर लोक उतरले होते. ही भेट त्यानंतरची आहे, आणि खोदोरकोव्स्की दहा वर्षांनी तुरुंगातून सुटला त्याला तेव्हा काही आठवडेच झाले होते.

तू म्हणशील, सर सगळं आधीच ठरवून बसले आहेत की पकड आधी आणि विचार नंतर. ठरवून बसलेलो नाही. ३० डिसेंबर १९९९ चा पुतीन यांचा लेख काढ. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन पायउतार झाले आणि सत्ता पुतीन यांच्याकडे आली. त्या लेखात पुतीन स्वच्छ सांगतात की कोणत्याही स्वरूपातली अधिकृत राज्य-विचारसरणी मला मान्य नाही, आणि पुढच्याच काही परिच्छेदांत देशभक्ती, महासत्तेचा बाणा, बलवान राज्यसंस्था आणि सामाजिक एकजूट ही चार सूत्रं मांडतात. म्हणजे बलवान राज्यसंस्थेवरची श्रद्धा पहिल्या दिवसापासून होती. हे माझ्या मांडणीला अडचणीचं आहे आणि मी ते लपवणार नाही. युक्रेनचं तर आणखी अडचणीचं. रशियन आणि युक्रेनियन एकच लोक आहेत असं सांगणारा लांबलचक लेख जुलै २०२१ चा, सैन्य शिरलं २४ फेब्रुवारी २०२२ ला. इथे विचार आधी, रणगाडे नंतर. पण युक्रेनचा क्रिमिया २०१४ मध्येच घेतला होता, तो या लेखाच्याही आधी. कृती, मग लेख, मग त्याहून मोठी कृती, असा तो क्रम आहे. कुठल्याही एका पुस्तकाच्या सिद्धान्तात हा क्रम मावत नाही. वहीत मावतो.

माझ्या तारखांच्या आग्रहाला लोक कंटाळतात हे मला ठाऊक आहे. याच विषयावरचं माझं हस्तलिखित एका प्रकाशकाकडून परत आलं होतं. 'माहिती भरपूर, पण लेखकाची भूमिका दिसत नाही,' असं पत्रात होतं. भूमिका म्हणजे त्यांना काय हवं होतं ते मी जाणून होतो. पहिल्या पानावर सांगून टाकायचं की पुतीन राक्षस आहे, किंवा सगळा दोष नाटोचा आहे, आणि पुढची तीनशे पानं त्याला पुरावे जोडत बसायचं. मी ते केलं नाही आणि आजही करणार नाही. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीच्या आधी घडली हे सांगणं हीसुद्धा भूमिका असते. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना ती सारखीच गैरसोयीची असते, म्हणून ती कुणाला दिसत नाही. हस्तलिखित अजून कपाटात आहे आणि त्यातली एकही तारीख मला बदलावीशी वाटत नाही.

हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. रशियन भाषा मी मथळे आणि कायद्यांची कलमं वाचण्यापुरतीच शिकलो. नोकरी, घर, परीक्षांचे गठ्ठे, आणि मग ते राहूनच गेलं. त्यामुळे जन्मभर इंग्रजीतून येईल तेवढंच खाल्लं. तू अजून पंचविशीचीही नाहीस. मुंबई-पुण्यात शिकवणारे आहेत. उद्या चौकशी कर, संशोधन आराखडा आठवडाभर थांबेल.

पुस्तकालाही तारीख लाव, आणि ती मुखपृष्ठावरची नको. लेखकाने कुठपर्यंतचं पाहिलं होतं ते बघ. झिगारचं पुस्तक रशियन भाषेत २०१५ मध्ये, खुद्द मॉस्कोत राहून लिहिलेलं आहे. 'योजना नव्हती' हे त्याचं म्हणणं त्या वर्षापर्यंतच्या मुलाखतींवर उभं आहे. लारुएल यांचं पुस्तक २०२१ चं, म्हणजे युद्धाच्या आधीचं. डविशांच्या पुस्तकाची तर कथाच वेगळी. केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ब्रिटनमधल्या बदनामीच्या कायद्याच्या धास्तीने ते छापायचं नाकारलं आणि २०१४ मध्ये ते अमेरिकेत निघालं. कॅथरीन बेल्टन यांच्या २०२० च्या पुस्तकावर लंडनमध्ये रशियन अब्जाधीश अब्रामोविचसह अनेकांनी दावे लावले, आणि अब्रामोविचच्या दाव्यात काही मजकूर बदलून तडजोड झाली. आपल्या हातात पुस्तक पोचतं तेव्हा वकिलांची कात्री फिरलेली असू शकते. बेल्टन यांचं पुस्तक पुढे वाचलंस तर कुठली आवृत्ती हाती आली ते मला कळव.

आणि पत्रकार आन्ना पोलितकोव्स्काया तुझ्या यादीत नाही. हे मला सर्वांत खटकलं. तिचं पुतीनच्या रशियावरचं पुस्तक २००४ चं. त्यात ना इल्यिन आहे, ना युरेशियावाद, म्हणजे रशिया ही युरोपहून वेगळी संस्कृती आहे ही मांडणी. त्यात सैन्यात मेलेल्या मुलांच्या आया आहेत, चेचेन मुलीचा खून करणाऱ्या कर्नलचा खटला कसा वळवला जातो ते आहे, येकातेरिनबर्गमध्ये न्यायालयांच्या मदतीने कारखाने कसे बळकावले जातात ते आहे. राज्यसत्ता न्यायाधीशाच्या टेबलापाशी कशी वागते हे ती २००४ मध्ये लिहून बसली होती, सगळे सिद्धान्त यायच्या आधी. ७ ऑक्टोबर २००६ ला मॉस्कोत तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तिला गोळ्या घातल्या. पहिल्यांदा तिला वाच, बाकीचे नंतर.

कायद्यांकडे मात्र थेट जा, मध्यस्थ नको. रशियाच्या १९९३ च्या घटनेचं १३ वं कलम सांगतं की कोणतीही विचारसरणी राज्याची किंवा सक्तीची म्हणून लादता येणार नाही. हे कलम आजही जागेवर आहे, कारण ते पहिल्या प्रकरणात आहे आणि त्या प्रकरणाला हात लावायचा तर नवी घटनाच करायला घ्यावी लागते. घटनादुरुस्तीची चर्चा चालू असताना तेरेश्कोवा, अंतराळात गेलेली जगातली पहिली स्त्री, मार्च २०२० मध्ये संसदेत बोलायला उभी राहिली आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या मुदतींची मर्यादा लावताना पुतीन यांच्या आधीच्या कारकिर्दी मोजू नयेत असं तिने सुचवलं. त्याच दुरुस्त्यांमध्ये देव आला, हजार वर्षांचा इतिहास आला, 'ऐतिहासिक सत्याचं रक्षण' आलं. या दुरुस्त्यांवरचं मतदान १ जुलैला संपलं. दुरुस्त घटनेच्या छापील प्रती मॉस्कोच्या पुस्तकांच्या दुकानांत त्याआधीच विक्रीला होत्या. मग ९ नोव्हेंबर २०२२ चा ८०९ क्रमांकाचा हुकूम पारंपरिक मूल्यांची यादीच देतो, आणि सप्टेंबर २०२३ पासून विद्यापीठांत 'रशियन राज्यसंस्थेची मूलतत्त्वं' हा विषय सुरू होतो. तेरावं कलम आणि ८०९ चा हुकूम एका पानावर समोरासमोर लिही. तुझा प्रबंध त्या पानावर उभा राहील.

घरी काका म्हणतात रशिया आपला जुना मित्र, त्यावरून वाद होतो असं लिहिलं आहेस. काकांवर चिडू नकोस. लोकवाङ्मय गृहातून आणलेली ती स्वस्त, जाड कागदाची पुस्तकं आमच्या पिढीने उराशी धरली आहेत, मीसुद्धा. पण त्यांनाही तारीख विचार. अण्णाभाऊ साठे रशियाला गेले ते १९६१ मध्ये, गागारिन अंतराळात गेला त्याच वर्षी. मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा बसला सप्टेंबर २०२२ मध्ये, युद्धाच्या सातव्या महिन्यात. काका नेमक्या कोणत्या रशियाबद्दल बोलताहेत, १९६१ च्या की २०२२ च्या, एवढंच शांतपणे विचार. मग त्यांचं ऐकून घे. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं.

नवी पुस्तकं सुचवा म्हणालीस. सुचवणार नाही. आधी ४ डिसेंबर २०११ ची संसदेची निवडणूक ते जानेवारी २०१४ मधली ती पुस्तकांची भेट, एवढाच तुकडा घे आणि दोन्ही रकाने भर: मोर्चे, ६ मे २०१२ ची मॉस्कोतली निदर्शनं, परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवरचा 'परदेशी हस्तक' कायदा, १९ सप्टेंबर २०१३ चं वाल्दाई परिषदेतलं पुतीन यांचं भाषण. फोटो काढून पाठव. हस्ताक्षर वाईट असलं तरी चालेल. तारखा चुकल्या तर मी लाल शाईने परत पाठवीन, आणि पोलितकोव्स्काया ग्रंथालयात मिळाली नाही तर माझी प्रत येऊन घेऊन जा.

तुझा,
सर