मानेवरचा मळ निघतच नाही…

‘‘मॅडम, घरी मी एवढं जपते, मग याचं वजन वाढतंच कसं? शाळेतच काहीतरी खात असणार.’’ हे वाक्य मी कितीतरी आयांकडून ऐकलंय. शाळेत विचारावं तर बाई म्हणतात, ‘‘घरचे लाड आहेत, आम्ही काय करणार?’’

पाचवीतल्या या मुलाच्या आईनेही सुरुवात तिथूनच केली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) तो पोटाला चिकटलेला शर्ट सारखा ओढून सैल करत होता. बोलता बोलता आईने त्याची कॉलर खाली केली. ‘‘बघा ना, रोज घासते, पण मळ निघतच नाही.’’

तो मळ नव्हता. वजन वाढलेल्या मुलांच्या मानेवर, काखेत अशी जाडसर काळपट त्वचा दिसली, तर शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. मी त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. घासणं मात्र त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. आपल्या अंगालाच घाण आहे, असं त्या पोराला वाटायला लागलं होतं.

एकटा बसल्यावर तो हळूहळू बोलला. आरोग्य तपासणीत त्याचं वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचलं गेलं, तेव्हापासून त्याचं नाव ‘टेम्पो’ पडलं. खेळाच्या तासाला तो पायरीवर बसून गुण मोजतो. मधल्या सुट्टीत डबा उघडायची लाज वाटते, म्हणून पोळीभाजी तशीच घरी येते आणि आजोबांनी दिलेल्या २० रुपयांचा वडापाव गेटबाहेर, शाळा सुटल्यावर, घाईघाईत पोटात जातो. घरी धाकट्या बहिणीच्या ताटलीत वेफर्स आणि याच्या ताटलीत काकडी. हे मला सगळ्यात जास्त लागलं. एका घरात दोन न्याय केले की मूल चोरून खायला शिकतं.

मग आई, बाबा, वर्गशिक्षिका आणि पी.टी.चे सर यांना एकत्र बसवलं. पहिली दहा मिनिटं एकमेकांवर ढकलण्यात गेली. मी कागद पुढे केला आणि मुलाचा एक दिवस सकाळपासून लिहून काढू म्हटलं. लिहिता लिहिता बाईच थबकल्या. वर्गात ४२ मुलं, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला वाढदिवस, आणि प्रत्येक वाढदिवसाला चॉकलेट, केक, वेफर्स. सरांनीही कबूल केलं, परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताला जातो.

वाढदिवसाला आता वर्गासाठी एक पुस्तक येतं. वजन आडोशाला घेतात आणि आकडा फक्त पालकांना कळतो. खेळाचा तास गणिताला द्यायचा नाही, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा २०२० चा केंद्रीय अन्नसुरक्षा नियम आहे. पालकसभेत तो वाचून दाखवला तेव्हा निम्म्या लोकांना तो पहिल्यांदाच कळला.

घरी बदल सगळ्यांसाठी केला. कोल्ड्रिंकची बाटली फ्रीजमधून गेली. ३०० मिलीलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, हे बाबांनी स्वतः चमच्याने मोजून पाहिलं आणि गप्प झाले. जेवताना मोबाईल नाही, तोही कुणाचाच नाही. साडेअकराला झोपणारा मुलगा दहाला झोपायला लागला. २० रुपये देण्याऐवजी आजोबा त्याला संध्याकाळी बागेत नेतात.

सहा महिन्यांत वजन तेवढंच राहिलं, उंची तीन सेंटिमीटर वाढली. आईला वाटलं, काहीच झालं नाही. वाढत्या वयात वजन थांबून उंची वाढणं, हीच मोठी गोष्ट असते, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं.

‘टेम्पो’ मात्र अजून सुटलेला नाही. चिडवणाऱ्या दोन मुलांशी बाई बोलतायत. त्यांच्या आईबाबांना मी येत्या शनिवारी भेटायला बोलावलंय.