जेआरएफ मिळाली, पण कोडिंगचं काय?

प्रश्न : ताई, मी नांदेडची. एमएस्सी बायोटेक झालंय, सीएसआयआर नेट परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली. पीएचडी कम्प्युटेशनल बायोलॉजीत, म्हणजे कम्प्युटरवर जीवशास्त्राचा डेटा तपासायच्या विषयात करायचीय पण पायथन जेमतेम येतं. दोन गाइड घ्यायला तयार आहेत, एकांची लॅब पूर्ण कम्प्युटरवरची, दुसऱ्यांकडे प्रयोगपण चालतात. कुठे जाऊ? कोडिंगवाल्यांपुढे टिकाव लागेल का?

उत्तर : अगं आधी अभिनंदन! महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, म्हणजे तू स्वतःची फेलोशिप घेऊन जातेयस, तेव्हा गाइडला प्रश्न विचारायला लाजू नकोस.

कोडिंगचं एवढं टेन्शन नको, लिनक्सच्या कमांड आणि पायथन किंवा आर या कोडिंगच्या भाषांतली एक, रोज बसलीस तर हात बसतो. स्टॅटिस्टिक्स मात्र मनापासून शिक, आपले बायोवाले तिथेच गळपटतात. आणि बायोलॉजी येणारं माणूस लागतंच गं, नाहीतर चुका नजरेतून सुटतात. एक्सेलमध्ये जीन्सची यादी उघडली की सेप्ट-२ या जीनचं थेट २ सप्टेंबर व्हायचं, आणि ते पेपरांच्या तक्त्यांत तसंच छापून यायचं! शेवटी २०२० मध्ये जीन्सचीच नावं बदलली, आता ते सेप्टिन-२ (एक्सेलपुढे विज्ञानाने हात टेकले म्हणायचे).

आता लॅब. तिथल्या पोरांना चहाला गाठ आणि विचार, डेटा येतो कुठून आणि प्रयोग ठरवताना तुम्हाला विचारतात का? कारण समज सगळ्या पेशंटचे सॅम्पल एका बॅचला सिक्वेन्स केले (म्हणजे त्यांचा डीएनए-आरएनए मशीनवर वाचला) आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या बॅचला, तर दिसणारा फरक आजाराचा की बॅचचा हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. मग फाइल तुझ्याकडे येते, ‘जरा बघ ना, दोन दिवसांत होईल’, आणि दुसऱ्यांचीच कामं निस्तरत तुझा थिसिस तिथेच राहतो, पेपरात नाव कुठेतरी मधे. म्हणून माझा कल दुसऱ्या लॅबकडे, तिथे प्रयोगाच्या आधीच तोंड घालता येईल. पहिल्या लॅबमध्ये स्वतःच्या नव्या पद्धती बनवत असतील आणि तुला गणित आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

हो म्हणायच्या आधी दोघांचा एकेक पेपर घे, जीईओ या जीन्सच्या डेटाच्या खुल्या साठ्यावर त्याचा डेटा असेल तर तो फुकट उतरव आणि एक तरी आकृती स्वतः काढून बघ. जिथे अडशील तेच गाइडना मेलमध्ये विचार, उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळेल. आणि जेआरएफच्या लेटरवरची मुदत आजच बघून ठेव.