व्हीक्यूईवर प्रकल्प करू का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्वांटम कम्प्युटिंगमधल्या व्हेरिएशनल अल्गोरिदमवर, त्यातही रेणूची किमान ऊर्जा शोधणाऱ्या व्हीक्यूईवर (व्हेरिएशनल क्वांटम आयगेनसॉल्व्हर) प्रकल्प करावा म्हणते. बाबा म्हणतात, ‘ज्याचा आज उपयोग नाही त्यात वर्ष घालवू नकोस.’ काय करू?

उत्तर : बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रोजच्या व्यवहारातल्या कामात हे अल्गोरिदम साध्या संगणकाला मागे टाकतात, असं अजून सिद्ध झालेलं नाही. कुणी तसं छातीठोकपणे सांगून कोर्स विकत असेल तर पाकीट खिशातच ठेव.

तरीही प्रकल्प कर. यातली मूळ कल्पना समजायला सोपी आहे. क्वांटम चिप फक्त एक अवस्था तयार करते आणि मोजते. आलेला आकडा साधा संगणक घेतो, ती अवस्था ठरवणारे कोन जरा बदलतो आणि परत पाठवतो. जुन्या रेडिओची सुई मागेपुढे करत स्टेशन लावायचो, तसंच. २०१४ मध्ये या पद्धतीने हेलियम हायड्राइड आयनची ऊर्जा काढली गेली, २०१७ मध्ये आयबीएमने सहा क्युबिट (क्वांटम चिपवरची माहितीची एककं) वापरून बेरिलियम हायड्राइडपर्यंत मजल मारली. वेळापत्रकं, मार्ग, नेटवर्कची विभागणी अशा प्रश्नांसाठी क्यूएओए हा याच जातीचा अल्गोरिदम आहे, तोही २०१४ चाच. रेणूंच्या बाजूला मला जास्त दम वाटतो, कारण तिथला प्रश्नच मुळात क्वांटम आहे.

प्रकल्प मात्र नेहमीचा नको. खाली उतरत जाणारा एक आलेख, त्याचा स्क्रीनशॉट आणि ‘भविष्य उज्ज्वल आहे’ असा समारोप, असे अहवाल मी ढिगाने पाहिलेत. तू हायड्रोजनचा रेणू घे. दोन अणूंमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम ठेव. दोन क्युबिटांत बसवलास तर हा प्रश्न चार बाय चारच्या मॅट्रिक्सचा होतो, म्हणजे अचूक उत्तर लॅपटॉपवर क्षणात मिळतं. ते आधी काढून ठेव. मग किसकिट किंवा पेनीलेन या पायथनच्या लायब्ररींमध्ये व्हीक्यूई चालव आणि तुझं उत्तर किती चुकतंय ते बघ. रसायनशास्त्राला साधारण १.६ मिलीहार्ट्रीइतकी (हार्ट्री हे रेणूंच्या ऊर्जेचं एकक) अचूकता लागते.

खरी गंमत इथून पुढे आहे. मोजमापांमुळे येणारी चूक निम्मी करायची तर मोजमापं चौपट लागतात, दहापट कमी करायची तर शंभरपट. आता त्यात नॉइज, म्हणजे खऱ्या चिपमुळे येणाऱ्या चुका, घाल. मग क्युबिट वाढव आणि सर्किट (क्युबिटांवरच्या क्रियांची मालिका) यादृच्छिक कोनांपासून सुरू कर. ऊर्जेचा उतार इतका सपाट होतो की कुठल्या दिशेला जायचं तेच कळत नाही. याला बॅरन प्लॅटू म्हणतात, २०१८ पासून या क्षेत्राची ही मोठी डोकेदुखी आहे. हे सगळं एका तक्त्यात मांड : क्युबिट, मोजमापं, चूक, लागलेला वेळ.

मुलाखतीत हा तक्ता बोलतो. समोरचा माणूस क्वांटमवाला नसला तरी ऑप्टिमायझेशन, संख्याशास्त्र, पायथन आणि चुकांचा हिशोब ठेवायची सवय त्याला दिसतेच. औषधं, बॅटरीचे पदार्थ, डेटा, कुठेही ते चालतं. बाबांनाही हेच सांग.

राहिला मार्गदर्शकाचा प्रश्न. क्वांटम कम्प्युटिंग शिकवणारं कुणी नसेल तर अडून बसू नकोस, कम्प्युटेशनल केमिस्ट्रीच्या शिक्षकांना भेट. ‘तुझं उत्तर हार्ट्री-फॉकपेक्षा चांगलं आहे का?’ हे ते पहिल्याच भेटीत विचारतील. (हार्ट्री-फॉक ही रेणूची ऊर्जा काढायची साध्या संगणकावरची ढोबळ पद्धत.) जाण्याआधी तेवढं काढून ने.