विनय नेमका कुणाचा भंगतो?

लोकमान्यनगरच्या एका ताईंनी विचारलंय : "आपल्या इंदूरच्या हिंदी पेपरात 'छेडछाड' छापतात, पुण्याकडच्या पेपरात 'विनयभंग'. दोन्ही एकच का? आणि एका बातमीतल्या मुलीनं तर असं करणाऱ्या माणसाच्या थोबाडीत दिली होती. मग तिथे विनय कसला, आणि भंगला कुणाचा?"

पहिला प्रश्न उरकून टाकतो. छेडतात ती सतारीची तार, आणि छेड काढतात ती शाळेतली पोरं, एकमेकांची. बाईचा हात धरून ओढणाऱ्याला हा शब्द लावला की गुन्ह्याची थट्टा होते. आपले मराठी लोकही इथे सर्रास "छेडछाड झाली" म्हणतात. कान किटले.

दुसरा प्रश्न मात्र लाखमोलाचा. विनय म्हणजे नम्रता, हे शाळेत पाठ केलंय, ते सोडा. मूळ धातू 'नी', म्हणजे नेणे. वि + नी म्हणजे वळण लावणं, शिस्तीत आणणं. शिकवून तयार केलेल्या घोड्यालाही संस्कृतात 'विनीत' म्हणतात, आणि तो घोडा काही लाजत नसतो. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ तो विनयपिटक. कालिदासाच्या रघुवंशातला दिलीप राजा प्रजेचा खरा पिता का, तर 'विनयाधानात्', त्यानं लोकांना वळण लावलं म्हणून.

आता शाकुंतलाचा पहिला अंक काढा. भुंगा शकुंतलेला सतावतोय आणि झाडाआडून दुष्यंत गरजत येतो : "कः पौरवे वसुमतीं शासति शासितरि दुर्विनीतानाम्। अयमाचरत्यविनयं मुग्धासु तपस्विकन्यासु॥" दुर्विनीतांना शासन करणारा पौरव (म्हणजे तो स्वतःच) राज्य करत असताना या भोळ्या तपस्वीकन्यांशी कोण हा 'अविनय' करतोय? (स्वतः इतका वेळ आडून बघत होता, ते जाऊ द्या.) अविनय करतो तो सतावणारा, दुर्विनीतही तोच. मुलींचं काहीएक भंगत नाही. सगळं दूषण त्याच्याकडे.

मराठीतही पाहा. शिस्तभंग, नियमभंग, आचारसंहिताभंग : मोडणारा दोषी. आणि १९३० ची सविनय कायदेभंगाची चळवळ! तिथल्या 'सविनय'मध्ये लाजणंबिजणं कुठे आहे? त्या चळवळीत बायका पोलिसांसमोर उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या, तरी विनय शाबूत. सभ्य माणसाची रीत, एवढाच तो अर्थ. म्हणून माझं म्हणणं (कोशवाल्यांना पटत नाही, न पटो) : 'त्याने विनयभंग केला' इथे वाक्य पुरं होतं. 'तिचा' ही षष्ठी घुसली आणि विनय तिच्या मालकीचा झाला. मग कोर्टात तपासायचं कुणाला? तिलाच.

तपासतातच. इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय दंडसंहितेतल्या 'मॉडेस्टी'चं मराठी अनुवादकांनी विनय केलं, हिंदीवाल्यांनी लज्जा. पंजाबच्या एका खटल्यात पीडित होती साडेसात महिन्यांची बाळ, आणि हायकोर्ट म्हणालं, तिला लज्जा कळत नाही, विनयभंगाचं ३५४ कलम लागत नाही! १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन विरुद्ध एक असं ते फिरवलं. न्या. बचावतांनी लिहिलं की स्त्रीच्या विनयाचं सार म्हणजे तिचं स्त्री असणं. निकाल उत्तम, व्युत्पत्ती भिकार. आरोपीला वळण होतं का, एवढं विचारलं असतं तर बाळाच्या मनात शिरायची वेळच आली नसती. पुराव्याच्या कायद्यात तर बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई 'चारित्र्यहीन' आहे हे दाखवून तिची साक्ष पाडायची खास सोय होती. ती काढायला २००२ ची अखेर उजाडली.

आपल्या गावचंच सांगतो. ३० जुलै २०२० ला हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठानं, शेजारणीच्या घरात घुसून लैंगिक छळ केल्याचा आरोप असलेल्या माणसाला जामीन दिला. अट अशी : राखीपौर्णिमेला बायकोसह मिठाईचा डबा घेऊन तिच्याच घरी जायचं, राखी बांधून घ्यायची, ओवाळणीचे ११,००० रुपये द्यायचे. नऊ महिला वकील सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १८ मार्च २०२१ ला ती अट रद्द झाली. पण ती सुचली कशी? तडा तिच्या लाजेला गेलाय असं धरलं की तो मिठाईनं सांधता येतो. तडा त्याच्या वळणाला गेलाय असं धरलं असतं, तर त्याला तिच्या उंबऱ्याच्या आसपासही फिरकू दिलं नसतं.

बरं, दंडसंहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ३५४ चं कलम ७४ झालं. नाव बदललं, आकडे बदलले, हिंदी मसुद्यात 'लज्जा भंग' जिथल्या तिथे. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यातलं ते ठरीव वाक्यच, 'बुरी नीयत से हाथ पकड़ा', मला जास्त शहाणं वाटतं. निदान नियत तरी हात धरणाऱ्याची आहे!

तर ताई, विनयभंगच लिहा, 'तिचा' गाळून. आणि शब्द जोडून लिहा, मधे जागा सोडायची नाही.