टाटा कर्व्ह ही गाडी दिसायला देखणी आहे, पण कोल्हापूरहून कोकणात वारंवार जाणाऱ्याने ती घ्यावी का?

घ्यावी, मात्र डिझेल इंजिनाची. 1.5 लिटरचे हे इंजिन 118 पीएस शक्ती आणि 260 न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे चाके फिरवणारा जोर) देते, आणि हा टॉर्क इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच हाती येत असल्यामुळे गगनबावड्यापुढील करूळ घाट किंवा आंबा घाट माणसे-सामानासह चढताना दर वळणानंतर गिअर खाली आणावा लागत नाही. या इंजिनासोबत ड्युअल-क्लच (दोन क्लचमुळे गिअर झटपट बदलणारा) स्वयंचलित गिअरबॉक्सही मिळतो, ही सोय या वर्गातील डिझेल गाड्यांत विरळाच आहे. तरीही उतारावर गाडी स्वयंचलित गिअरच्या भरवशावर सोडू नये. गिअर हाताने खाली ठेवल्यास ब्रेक कमी तापतात.

208 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि रस्ता यांतील अंतर) असल्याने पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यांवर खालचा भाग घासण्याची भीती कमी आहे. सामानासाठी 500 लिटर जागा आहे, म्हणजे येताना हापूसच्या पेट्यांची चिंता नको.

कूपे धाटणीच्या उतरत्या छपराची किंमत मात्र मागच्या आसनावर मोजावी लागते, कारण तिथे उंच माणसाचे डोके छताच्या फार जवळ येते आणि मागच्या काचेतून दिसणारे दृश्यही अरुंद होते. घरात सहा फुटी मंडळी असतील तर चाचणी फेरीच्या वेळी त्यांना मागेच बसवावे. सनरूफ, मोठा पडदा वगैरे महागड्या श्रेणींत आहेच. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत या गाडीला 5 तारे मिळालेले आहेत.